सांधा कोणी जोडला?

१९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर गेली आणि २०११ मध्ये आठ लाख ओलांडून पुढे गेली. म्हणजे या शहरातल्या इमारतींचा मोठा हिस्सा एकाच काळात, एकाच घाईत बांधला गेला आणि आता एकाच वेळी जुना होतो आहे. शांतीनगर असो, शीतलनगर असो की नवघर रोड, तीस वर्षे झालेल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या वाहिन्यांचा विषय निघतोच. सकाळी नळ सोडला की आधी तांबूस पाणी येते, वरच्या मजल्यावर शॉवरला जोर नसतो, खालच्या घराच्या छताला ओल धरते. जुने जीआय पाइप बदलायचे यावर एकमत होते, वाद पुढे सुरू होतो. एक बाजू म्हणते, खर्च होऊ दे पण तांबे घाला, जन्माचे काम होईल. दुसरी म्हणते, सगळीकडे प्लास्टिकच चालते, उगाच पैसे कशाला घालवायचे.

दोन्ही बाजूंची समजूत मुळात एकच आहे. वाहिनीचा चांगलेपणा तिच्या धातूत किंवा रसायनात असतो, आणि ऐपतीप्रमाणे त्यातला वरचा किंवा खालचा माल निवडायचा, असे दोघेही धरून चालतात. ही समजूत मला उथळ वाटते. घरातली वाहिनी निकामी होते ती बहुतेक वेळा सांध्यापाशी, आणि त्या बिघाडाचे नुकसान किती होणार हे तिथपर्यंत हात पोहोचतो की नाही यावर ठरते. म्हणून माझे म्हणणे असे: मीरा-भाईंदरच्या इमारतींत घरातल्या पाण्यासाठी सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणारे प्लास्टिक, हीच योग्य निवड आहे, आणि तिचे कारण स्वस्ताई नाही. इथले पाणी, इथला दाब आणि इथले कारागीर यांच्याशी तिचे जमते हे ते कारण. मात्र वाचलेला पैसा सांध्यांवर, तपासणीवर आणि डक्टवर खर्च केला नाही तर ही निवडही वाया जाते.

तुलना कोणाशी करायची

तांबे विरुद्ध प्लास्टिक हा वाद आपल्याकडे बाहेरून आला आहे. ब्रिटन-अमेरिकेत घरोघरी तांब्याच्या नळ्या आहेत, तिथे तांबे ही जुनी रीत आणि प्लास्टिक नवे. मुंबईच्या उपनगरांत जुनी रीत जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, म्हणजे जीआयची. आपल्याला सुटका हवी आहे ती जीआयपासून, म्हणून जीआय का हरले हे आधी समजून घ्यायला हवे. लोखंडावरचा जस्ताचा थर स्वतः झिजत आतल्या लोखंडाला वाचवतो. पण जोडणीसाठी पाइपच्या टोकाला डायने आटे पाडले की नेमका तिथला थर कापला जातो आणि उघडे लोखंड पाण्याला भिडते. त्यामुळे जुन्या इमारतीत पाइप मधोमध धडधाकट दिसतो आणि एल्बोपाशी, टीपाशी कुजलेला सापडतो. हाच माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा. लोखंडाने दगा दिला खरा, पण दग्याची सुरुवात सांध्यावर झाली.

इथले पाणी सलग येत नाही

दुसरा मुद्दा पाण्याचा. शहराला पाणी मिळते ते मुख्यतः उल्हास नदीवरच्या शहाड-टेमघरच्या स्टेम या पाणीपुरवठा संस्थेकडून आणि एमआयडीसीकडून. सूर्या प्रादेशिक योजनेच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी २१८ दशलक्ष लिटर रोजचे पाणी मीरा-भाईंदरच्या वाट्याला येईल असे नियोजन आहे. पाणी वाढले तरी इमारतीतली रचना तीच राहणार: रस्त्याच्या वाहिनीतून ठरलेल्या तासांत जमिनीखालच्या टाकीत, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत, आणि तिथून उताराने घरात. अनेक सोसायट्या घरात सोडायच्या पाण्यालाही वेळा लावतात. म्हणजे वाहिनी दिवसातून अनेकदा भरते, रिकामी होते, तिच्यात हवा शिरते, गाळ बसतो.

तांबे टिकते ते त्याच्या आतल्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या पातळ, घट्ट थरामुळे. हा थर नीट धरायला स्वच्छ पाणी सलग वाहत राहणे उपयोगी पडते. साचलेल्या पाण्यात आणि गाळाखाली तो खंडित होतो आणि तिथे सुईच्या टोकाएवढे भोक पडू शकते. ज्या देशांत तांब्याने पन्नास वर्षे काढली तिथे नळाला चोवीस तास पाणी होते. तो अनुभव ओला-सुका, ओला-सुका चालणाऱ्या वाहिनीला जसाच्या तसा लावता येत नाही. सीपीव्हीसीला गंज हा प्रकारच नाही. खाडी आणि मिठागरांच्या मध्ये वसलेल्या, खाऱ्या हवेच्या शहरात ही मोठी सोय आहे.

याच संदर्भात एका वाहिनीबद्दल बोललेच पाहिजे, कारण सभेत तिचा विषय निघत नाही. रस्त्यापासून सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीपर्यंतचा तो तुकडा. पाणी बंद असलेल्या तासांत या तुकड्यात पोकळी निर्माण होते, आणि तो गटाराजवळून जात असेल व कुठे भोक पडलेले असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. स्वयंपाकघरातल्या नळामागे तांबे घालून या धोक्यात रतिभरही फरक पडत नाही. तिथे अखंड, कमीत कमी सांध्यांची एचडीपीई प्लास्टिकची वाहिनी गटारापासून दूर आणि वरच्या पातळीवर टाकणे हे काम आरोग्याच्या दृष्टीने घरातल्या सगळ्या चर्चेपेक्षा महत्त्वाचे आहे.

दाब, उष्णता आणि आकाराची फसगत

प्लास्टिक दाब सोसत नाही ही भीती आकड्यांपुढे टिकत नाही. गच्चीवरच्या टाकीपासून दर मजल्याला, म्हणजे सुमारे तीन मीटरला, चौरस सेंटिमीटरमागे साधारण ०.३ किलो दाब वाढतो. सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर तो दोन-अडीच किलो होतो. एसडीआर ११ वर्गाच्या सीपीव्हीसी पाइपची मर्यादा साध्या तापमानाला सुमारे २८ किलो आणि ८२ अंश सेल्सिअसला सुमारे ७ किलो असते. म्हणजे गरम पाण्यालाही दुपटीहून जास्त वाव आहे. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या वीस-बावीस मजली टॉवरमध्ये मात्र खालच्या मजल्यांवर दाब सहा-साडेसहा किलोपर्यंत जातो. तिथे मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावेच लागतात. ते पाइप तांब्याचा असला तरी लागतातच, कारण आधी फुटतात ते नळ, लवचीक होज आणि फ्लश टाकीचे व्हॉल्व्ह.

उष्णतेचे गणित वेगळे आहे आणि तिथे प्लास्टिकची बाजू खरोखर कमकुवत आहे. दहा मीटर सीपीव्हीसी चाळीस अंशांनी तापले तर सुमारे अडीच सेंटिमीटर वाढते. तांबे तेवढ्याच तापाला सात मिलिमीटरच्या आत राहते. ही वाढ सामावायला वळण किंवा लूप ठेवला नाही, पाइप भिंतीत सिमेंटने घट्ट आवळला, तर रोजच्या तापण्या-निवण्याचा सगळा ताण जवळच्या एल्बोवर येतो. गळती काही वर्षांनी होते आणि दोष प्लास्टिकला दिला जातो. खरे तर लूप सोडायला कोणी सांगितले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते.

आकाराची फसगत याहून जास्त घरांना भोवते. जुना अर्ध्या इंचाचा जीआय पाइप काढून अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी टाकला तर सारखेच झाले असे वाटते. जीआयचा अर्धा इंच म्हणजे आतला व्यास सुमारे १६ मिलिमीटर. सीपीव्हीसीची मापे मात्र मुळात तांब्याच्या नळ्यांवरून घेतली आहेत आणि ती बाहेरून मोजतात. त्याचा अर्धा इंच आतून जेमतेम साडेबारा मिलिमीटर भरतो. पाण्याची वाट चाळीस टक्क्यांनी अरुंद होते, आणि घर्षण धरले तर प्रवाह त्याहूनही जास्त घटतो. तळमजल्यावर ते जाणवणार नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे टाकी आणि शॉवर यांत दोन-तीन मीटरचेच अंतर आहे, तिथे नवीन पाइप घालूनही पाण्याची धार बारीक होते. तांबे घातले असते तरी हेच झाले असते, कारण पंधरा मिलिमीटरची तांब्याची नळीही आतून साडेतेरा-चौदाच भरते. वरच्या दोन मजल्यांना आणि गच्चीवरून उतरणाऱ्या वाहिन्यांना एक माप मोठे घ्यायला हवे, हा निर्णय कोणत्याही धातूपेक्षा मोठा आहे.

सांधा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तांब्याचा सांधा उष्णतेने होतो. नळीचे टोक घासून चकचकीत करायचे, फ्लक्स लावायचा, ज्योतीने समान तापवायचे आणि शिसेविरहित सोल्डर फटीत ओढले जाऊ द्यायचे. फ्लक्स जास्त राहिला तर तोच पुढे आतून तांबे खातो. ताप कमी पडला तर सांधा वरून भरलेला आणि आतून रिकामा राहतो. हे काम उत्तम करणारे हात आपल्या शहरात आहेत, पण ते एसीच्या कामात आहेत. बाथरूमच्या कोनाड्यात, लाकडी दारे आणि विजेच्या तारांजवळ ज्योत घेऊन वीस-पंचवीस सांधे जोडण्याचा सराव इथल्या प्लंबरला नाही, कारण त्याच्याकडे तसे काम येतच नाही. दुर्मीळ कौशल्यावर बेतलेली वाहिनी पहिल्या दिवशी चांगली असेलही. दहा वर्षांनी रविवारी संध्याकाळी ती गळली तर दुरुस्त कोण करणार?

सीपीव्हीसीचा सांधा रासायनिक असतो. सॉल्व्हंट सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवते आणि ते एकमेकांत मिसळून एकजीव होतात. नीट झाला तर हा सांधा पाइपइतकाच मजबूत ठरतो. नीट होण्याच्या अटी थोड्या आहेत, पण त्या रोज मोडल्या जातात. पाइप काटकोनात कापून कडेचा कीस काढायचा, आतबाहेर कोरडे पुसायचे, सीपीव्हीसीचेच सिमेंट लावायचे, फिटिंगमध्ये पाव वळसा देत पूर्ण आत घालायचे, अर्धा मिनिट दाबून धरायचे आणि वाळायला पूर्ण वेळ द्यायचा. जुलैच्या दमट हवेत हा वेळ वाढतो. प्रत्यक्षात पीव्हीसीचे सिमेंट वापरले जाते, ओल्या पाइपवर लावले जाते, आणि घरमालकाला संध्याकाळी पाणी हवे म्हणून तासाभरात व्हॉल्व्ह उघडला जातो. जिथे नळ बसतो तिथे आत पितळी आटे असलेले फिटिंग घ्यायचे असते. त्याऐवजी साधे प्लास्टिकचे आट्यांचे फिटिंग घेऊन, त्यावर जीआयच्या सवयीने टेफ्लॉन टेपचे थर चढवून, पान्याने आवळले जाते. लोखंडाला ती ताकद लागत होती. प्लास्टिकला तिनेच तडा जातो.

यातला कोणताही दोष त्या दिवशी दिसत नाही, आणि दाबाची चाचणी नेमकी याचसाठी असते. सगळी टोके बंद करून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने द्यायचा आणि गेजचा काटा ठरलेल्या वेळात खाली येतो का ते बघायचे, तेही टाइल्स लागण्याआधी. या उपकरणाचे भाडे आणि एका दिवसाचा खोळंबा, एवढाच खर्च. तांब्यासाठी कित्येक पट पैसे मोजायची तयारी असलेली सोसायटी या चाचणीचा आग्रह धरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सांध्याने सबंध मालाचे नशीब कसे ठरते याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. १९७८ पासून तिथे पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकच्या वाहिन्या लाखो घरांत घातल्या गेल्या. प्रयोगशाळेत त्या उत्तम ठरल्या होत्या. पाण्यातल्या क्लोरीनने त्यांच्या प्लास्टिक फिटिंगवर आणि पुढे पाइपवरही परिणाम केला, घरोघरी गळती सुरू झाली, आणि १९९५ मध्ये कंपन्यांना सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. यातून प्लास्टिक वाईट असे काहीजण सांगतात. मला यातून दुसरे दिसते. पाइप, फिटिंग आणि प्रत्यक्ष येणारे पाणी या तिन्हींची मिळून परीक्षा घ्यावी लागते. म्हणूनच पाइप एका कंपनीचा, एल्बो दुसरीचा आणि सिमेंट दुकानात मिळेल ते, ही आपली खरेदी धोक्याची आहे. आयएस १५७७८ हे मानक पाइपवर छापलेले बघून समाधान मानणारे अनेकजण फिटिंगवर काय छापले आहे ते बघतच नाहीत.

हात पोहोचतो का

भिंतीत पुरलेली वाहिनी दिसायला सुंदर असते. तिच्यातली गळती मात्र महिनोन्‌महिने दिसत नाही. पाणी कोब्यातून, स्लॅबमधून झिरपते, आतल्या सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फुटते. समुद्राजवळच्या शहरात हे आणखी लवकर होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांपुढच्या इमारतींना संरचनात्मक तपासणीचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्या तपासणीत गळती हा नेहमीचा शत्रू म्हणून पुढे येतो. एका बाथरूमचा एल्बो इथे सबंध इमारतीच्या आयुष्याशी जोडला जातो.

म्हणून मुख्य वाहिन्या डक्टमध्ये, उघड्या, आधाराच्या पट्ट्यांवर ठेवाव्यात. घरात शिरतानाच प्रत्येक बाथरूमला स्वतंत्र बंद करणारा व्हॉल्व्ह असावा. भिंतीत जे पुरायचे ते कमीत कमी सांध्यांचे असावे आणि टाइल्स लावण्यापूर्वी त्याचा मापांसह फोटो काढून सोसायटीच्या दप्तरी ठेवावा. डक्टमधल्या प्लास्टिकला उंदीर-घुशी कुरतडतात ही तक्रार खरी आहे, आणि धातूच्या बाजूने असलेला हा रास्त मुद्दा मी मान्य करतो. त्यावर उपाय म्हणजे डक्ट स्वच्छ ठेवणे आणि तळाला जाळी बसवणे. ज्या सोसायटीला हे जमणार नसेल तिने खालच्या मजल्यापुरते वाहिनीला धातूचे आवरण घालावे. गच्चीवरचा पाइप उन्हात ठिसूळ होतो, त्याला पाण्यात मिसळणारा रंग द्यावा. ऑइल पेंट, डांबर आणि वॉटरप्रूफिंगची द्रावणे सीपीव्हीसीला लागली तर ताण असलेल्या जागी तडे जाऊ शकतात. गच्चीवर वॉटरप्रूफिंग करणारा आणि पाइप टाकणारा हे दोघे वेगळे ठेकेदार असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना बोलते करणे हे कमिटीचे काम आहे.

आक्षेप पहिला: तांबे पाणी शुद्ध करते

हा आक्षेप आपल्या घरांत खोल रुजलेला आहे आणि त्यामागे तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची रीत निराधार नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुद्दाम जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवल्यावर अतिसाराचे जंतू वाढवून पाहिले तरी सापडले नाहीत. पण या निष्कर्षाचा गाभा सोळा तासांत आहे. टाकीतून नळापर्यंत तांब्याच्या नळीतून पाणी यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात जंतू मरत नाहीत. आणि पाणी खरोखर रात्रभर नळीत साचून राहिले तर तांबे त्यात उतरते. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तांब्याची मान्य पातळी लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास सोसायची मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. भांड्यातले पाणी आपण ठरवून, मोजून पितो. नळीतल्या पाण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

नळीच्या आतल्या बुळबुळीत जैविक थराबद्दलचा पुरावाही मोलाचा आहे. नेदरलँड्समध्ये तांबे, स्टेनलेस स्टील आणि पेक्स प्लास्टिक अशा तीन नळ्यांतून कोमट पाणी खेळवून लिजिओनेला जंतूंचे प्रमाण मोजण्यात आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुरुवातीला तांब्याच्या नळीत जंतू कमी आढळले. सुमारे दोन वर्षांनी तो फरक उरला नाही. धातूवर थर चढला की धातूचा गुण झाकला जातो. ज्यांना तांब्याचे पाणी प्यायचे आहे त्यांनी तांब्याचा हंडा घासूनपुसून वापरावा. तो घासता येतो, भिंतीतली नळी घासता येत नाही.

आक्षेप दुसरा: प्लास्टिक पाण्यात उतरते

ही शंका मी हलकी मानत नाही. पीव्हीसी वाहिन्या घडवताना ते प्लास्टिक उष्णतेत तुटू नये म्हणून जी द्रव्ये मिसळतात त्यांत आपल्याकडे अनेक वर्षे शिशाची संयुगे होती. शिशाला सुरक्षित पातळी नाही, आणि आयएस १०५०० मध्ये त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम असून त्यात सूट नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपांतल्या शिशाच्या वापरावर नियम आणले. त्यामुळे जुना साठा, मोकळा माल, बिलाशिवाय मिळणारा पाइप टाळणे ही काटकसरीची बाब नाही, मुलांच्या आरोग्याची आहे. पण शिशाचा प्रश्न केवळ प्लास्टिकचा नाही. जुने सोल्डर, हलक्या दर्जाचे पितळी नळ यांतूनही शिसे येते. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलल्यावर जे घडले ते धातूच्या वाहिन्यांत घडले. पाण्याचा स्वभाव बदलला, गंजरोधक प्रक्रिया केली गेली नाही आणि जुन्या शिशाच्या नळ्या विरघळू लागल्या. स्टेम, एमआयडीसी, टँकर आणि पुढे सूर्या, असे स्रोत बदलत राहणाऱ्या आपल्या शहराने यातून घ्यायचा धडा हा की पाण्याच्या बदलत्या रसायनाला न जुमानणारी वाहिनी अधिक सुरक्षित.

सूक्ष्म प्लास्टिकच्या प्रश्नावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात उपलब्ध पुरावा अपुरा असल्याचे सांगून अधिक संशोधनाची गरज मांडली. मी ती शंका मिटली असे म्हणणार नाही. पण ज्या घरात पाणी प्लास्टिकच्या टाकीत साठते, प्लास्टिकच्या फिल्टरमधून गाळले जाते आणि प्लास्टिकच्या बाटलीतून प्यायले जाते, तिथे फक्त मधल्या नळीचे तांबे करून ती शंका दूर होत नाही.

आक्षेप तिसरा: तांबे पिढ्यानपिढ्या टिकते

टिकते, योग्य पाण्यात आणि योग्य सांध्यांनी. पण इमारत किती टिकते? या शहरात तीस-पस्तीस वर्षांच्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. ऐंशी वर्षांची नळी तीस वर्षांच्या भिंतीत घालण्यात शहाणपण नाही. तांब्याला भंगारात किंमत येते हे खरे, आणि म्हणूनच ते चोरीला जाते. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातू बाजारात तांबे टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेले होते. २०१८ मध्ये तुतिकोरिनचा तांब्याचा कारखाना बंद पडल्यापासून शुद्ध तांबे आपल्याला मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागते. आणखी एक गोष्ट तांब्याचा आग्रह धरणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. तांब्याच्या नळीतून गेलेले पाणी पुढे जीआयमध्ये शिरले, तर विरघळलेल्या तांब्याचे कण जस्तावर बसून तिथे भोके पाडतात. अर्धी सोसायटी जुनी आणि काही घरे नवी, अशा इमारतीत एकट्याने केलेली हौस स्वतःच्याच पुढच्या जुन्या तुकड्याला खाऊ शकते.

तांब्याची खरी जागा

तांब्याला इथे जागा नाही असे मी म्हणत नाही. स्वयंपाकघरात येणारा महानगर गॅसचा तुकडा तांब्याचा असतो आणि तो तसाच असायला हवा, कारण तिथे प्रश्न आगीचा आणि गळणाऱ्या वायूचा आहे. कॅलिफोर्नियात २०१७ आणि २०१८ च्या वणव्यांनंतर जळालेल्या भागांतल्या पाण्यात बेंझिन आढळले, त्यात तापलेल्या प्लास्टिकचाही वाटा होता. आगीपुढे प्लास्टिक हरते, यात वाद नाही. गीझरचा थर्मोस्टॅट बिघडला तर पाणी सीपीव्हीसीच्या सहनशक्तीपुढे, नव्वद अंशांच्या वर जाऊ शकते. म्हणून गीझरपासूनचा पहिला तुकडा धातूचा ठेवावा. गच्चीवरच्या सौर बंबात भर उन्हाळ्यात कोणी पाणी वापरले नाही तर तापमान त्याहूनही चढते. त्या वाहिन्यांना तांबेच योग्य. उरलेल्या घरात तांब्याचा एक दुर्गुणही आहे: ते उष्णता इतकी झपाट्याने वाहून नेते की आवरण नसलेल्या नळीत गीझरचे पाणी नळापर्यंत येताना निवते. सीपीव्हीसीची उष्णतावाहकता त्याच्या हजारो पटींनी कमी आहे.

निर्णय कोणाचा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या पाण्याच्या वाहिन्या, पंप आणि टाक्या यांची दुरुस्ती सोसायटीने करायची, आणि घरातल्या संडास-सिंकमधून होणारी गळती सभासदाने थांबवायची. हिशेबाच्या सोयीसाठी ही विभागणी ठीक आहे. पण तिच्यामुळे निवड करणारा आणि नुकसान सोसणारा अशी दोन वेगळी माणसे तयार होतात. चौथ्या मजल्यावरचा सभासद स्वस्त ठेकेदार लावतो आणि ओल तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पलंगावर येते. त्यानंतरची भांडणे, अर्ज, उपनिबंधकांकडच्या फेऱ्या हे सगळे त्या एका न तपासलेल्या सांध्याचे व्याज आहे.

म्हणून पाइप कोणता घालायचा हा ठराव करणाऱ्या सभेने त्याच ठरावात आणखी चार गोष्टी लिहाव्यात. पाइप, फिटिंग आणि सिमेंट एकाच कंपनीचे. घरातले काम कोणीही करो, टाइल्स लागण्यापूर्वी सोसायटीच्या माणसासमोर दाबाची चाचणी आणि तिची लेखी नोंद. वरच्या मजल्यांना एक माप मोठे. आणि डक्टमधल्या सगळ्या उभ्या वाहिन्या एकाच वेळी, एकाच हाताने. खर्चाची वाटणी प्रत्येकाच्या घराच्या क्षेत्रफळावर न करता नळांच्या संख्येवर करावी असे माझे मत आहे, कारण सांधे तिथे असतात. नव्या इमारतींच्या बाबतीत ही जबाबदारी मीरा-भाईंदर महानगरपालिकेने घ्यावी. भोगवटा प्रमाणपत्र देताना अग्निशमनाचा दाखला मागितला जातो, तसा प्रत्येक घराच्या वाहिन्यांच्या दाबचाचणीचा सही केलेला तक्ता आणि भिंतीतल्या पाइपांचा नकाशा बिल्डरकडून घ्यावा, आणि त्याची प्रत सोसायटीच्या पहिल्या कमिटीच्या हाती द्यावी.